तानपुऱ्याचा माइक

“अंजिरी साडी इस्त्रीला टाका,” इंदू म्हणाली. “रविवारी लागेल.”

मी तिच्या पाठीमागे तिसरी उशी सरकवत होतो. दोन उशांवर आता तिला श्वास पुरत नव्हता. हृदयाची झडप खराब झाली होती, छातीत पाणी धरत होतं आणि खोकला थांबत नव्हता.

“रविवारी काय आहे?” मी विचारलं. मला चांगलं माहीत होतं काय आहे ते.

“मिरजेला सरयूबाई आष्टेकरांचं गाणं. सकाळी साडेसातला.”

“डॉक्टर उपाध्ये काय म्हणालेत? घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.”

“पाऊल मी टाकतच नाही. तुम्ही उचलून न्या.”

“आणि रेडिओ कशाला आहे? यंदा थेट तिथून लावणार आहेत. बाई तिथं गाणार आणि त्याच घटकेला तू इथं ऐकणार. पांघरूण घेऊन, पलंगावर.”

“ते तुम्ही ऐका,” ती म्हणाली. “तुम्हाला सवय आहे.”

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या जानेवारीतली. माझं जयसिंगपुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही तांबट. वडील तांब्याची भांडी ठोकायचे. मला ते जमलं नाही, मी रेडिओ शिकलो. दुरुस्ती करायचो आणि नवे सेटही बांधून द्यायचो. रंगनाथ तांबटाच्या सेटचा आवाज लोण्यासारखा, असं लोक म्हणायचे. खरखर अजिबात नाही. शिरोळपासून कुरुंदवाडपर्यंत माझे सेट होते.

इंदूला गाण्याचं वेड माहेरून आलेलं. मिरजेच्या त्या मैफलीला ती दर जानेवारीत थोरल्या बहिणीबरोबर जायची. मी एकतीस वर्षांत एकदाही गेलो नाही. रेडिओवाले ते गाणं टेपवर घेऊन दोन दिवसांनी लावायचे, ते मी दुकानात बसून ऐकायचो, आणि मग आमचं ठरलेलं भांडण व्हायचं.

“तू बसलीस पंचविसाव्या रांगेत,” मी म्हणायचो. “पोरं रडतात, खुर्च्या करकरतात. रेडिओचा माइक बाईंच्या तोंडापासून वीतभर. मग गाणं जास्त कुणी ऐकलं?”

“माइकनं,” ती म्हणायची.

तिची एक तक्रार मात्र नेहमीची होती. माझ्या सेटवर तानपुरा म्हणजे बाटलीत कोंडलेली माशी वाटते. मी सांगायचो, स्टेशनवरूनच तसा येतो, त्याला मी काय करू.

दोन वर्षांपूर्वी तिची बहीण गेली. तेव्हापासून तिचं मिरजेला जाणं थांबलं होतं. मी घेऊन जातो असं मी दोन्ही वर्षं म्हणालो नाही. आता ती जाणार म्हणत होती, आणि आता तिला नेणं शक्य नव्हतं.

मी ठरवलं की रविवारच्या आत असा सेट बांधायचा की ती पुन्हा साडीचं नाव काढणार नाही.

दुकानाचं शटर खाली ओढलं आणि सामान घरी आणलं. सागवानाची मोठी पेटी केली, तिला आतून जुनं गोधडं लावलं, दहा इंची स्पीकर बसवला. तीन दिवस तिच्या पलंगाशेजारी हेच चाललं होतं. ती बघत असायची. “स्क्रू खाली पडला,” एवढंच मधूनच सांगायची.

बुधवारी संध्याकाळी मी मिरजेच्या गुलाबभाईंना निरोप धाडला. गुलाबभाई तानपुरे करायचे. त्यांच्या घरचे दोन रेडिओ माझ्या हातचे होते, आणि त्या मैफलीतले तानपुरे दरवर्षी तेच लावून द्यायचे. त्यांना म्हटलं, एक तानपुरा घेऊन घरी या.

मला वडिलांच्या रीतीनं काम करायचं होतं. जोडीची घागर करायची असली की वडील जुनी घागर शेजारी घ्यायचे. एक टिचकी हिच्यावर, एक तिच्यावर. नाद जिथं उणा, तिथं पत्रा ठोकायचा राहिला. तसा खरा तानपुरा रेडिओच्या शेजारी वाजला की आपलं कुठं उणं आहे ते कळेल, असा माझा हिशेब होता.

गुरुवारी सकाळी गुलाबभाई आले. रेडिओवर कुणी बाई गात होत्या. गुलाबभाईंनी त्यांच्या पट्टीत तानपुरा लावला आणि जमिनीवर बसून छेडायला लागले. मी मधे बसलो. डाव्या हाताला माझी पेटी, उजव्या हाताला ते.

गाणाऱ्या बाई श्वास घ्यायला थांबल्या आणि दोन्हीकडे नुसते तानपुरे राहिले. उजवीकडे तार छेडली की एक आवाज यायचा, त्यातून दुसरा बारीक आवाज वर निघायचा, आणि तो संपायच्या आत पुढची तार वाजायची. डावीकडे नुसतं घूं घूं.

“स्टेशनवरून असाच येतो,” मी म्हणालो.

तानपुऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो. गुलाबभाईंनी एका तारेखालचा दोरा बोटानं सरकवला आणि तार छेडली. ठस आवाज आला.

“बघा, रंगनाथभाऊ. तार तीच, बोट तेच. दोरा हलला की वरचं सगळं मेलं. याला आम्ही म्हणतो जवारी गेली.”

त्यांनी दोरा परत जागेवर आणला. तार पुन्हा बोलायला लागली. पुन्हा सरकवला. ठस.

“पुन्हा करा,” मी म्हणालो.

“किती वेळा?”

“करा तर खरं.”

तो मेलेला आवाज माझ्या ओळखीचा होता. रोज दुकानात तोच ऐकत होतो. मी उठलो आणि पेटीची मागची फळी काढली. माझ्या प्रत्येक सेटमध्ये मी एक जास्तीचा कंडेन्सर टाकायचो. मला कुणी शिकवला नव्हता, माझा मीच शोधलेला. तो टाकला की खरखर नाहीशी व्हायची. पण खरखर असते वरच्या पट्टीत, आणि तानपुऱ्याची ती बारीक झणझणही तिथंच असते. कंडेन्सर दोन्ही खात होता. माझ्या शेकडो सेटांतून मी तानपुरा काढून टाकला होता आणि लोक त्याला लोणी म्हणत होते.

“मी सांगितलं होतं,” इंदू पलंगावरून म्हणाली.

“कधी?”

“लग्नाला दोन वर्षं झाली होती. तुम्ही म्हणालात, कान साफ करून ये.”

गुलाबभाई मान खाली घालून खुंट्या पिळायला लागले.

मी पकडीनं तो कंडेन्सर तोडला. खरखर आली, आणि तिच्याबरोबर तानपुरा आला. उजवीकडच्यासारखा नाही, पण आला. इंदूनं डोळे मिटले. कार्यक्रम संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

“छान झालाय,” ती म्हणाली. “खरंच छान झालाय.”

“मग रविवारी इथंच...”

“साडी टाकली का इस्त्रीला?”

मला राग आला. “तुला पाहिजे तरी काय? तानपुरा आणला, आवाज आणला. आणखी काय उरलं?”

तिला बोलायला दम लागत होता, म्हणून ती गुलाबभाईंकडे वळली. “भाई, मी ‘वा’ म्हणायचे ते तुम्हाला ऐकू यायचं?”

“यायचं की, वहिनी. पार मागून यायचं. बाई त्या जागेवर परत यायच्या. मी बघितलंय.”

“रेडिओला ‘वा’ म्हटलं तर तो काय करतो?” तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, “डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी तुम्हाला किती दिवस सांगितलेत?”

महिना सांगितला होता, फार तर. मी तिला बोललो नव्हतो.

“मला नका सांगू,” ती म्हणाली. “पण त्यात हा रविवार बसतो ना?”

“बसतो.”

“मग झालं तर.”

त्या दिवशी दुपारी मी साडी इस्त्रीला दिली. तिथून डॉक्टर उपाध्यांकडे गेलो आणि सांगितलं, की मी तिला नेणार आहे. ते बरंच बोलले. मी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “वाटेत काय काय जवळ ठेवू?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गोळ्या लिहून दिल्या.

रविवारी सहाला गुलाबभाईंच्या पुतण्याची मॅटाडोर दारात आली. मागं गादी टाकली होती. मी इंदूला उचलून आत ठेवलं. तिचं वजन हातांना लागलंच नाही. अंजिरी साडीवर माझा स्वेटर, डोक्याला माझा मफलर. अंकलीच्या पुलावर धुकं होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती.

“या वेगानं बाईंची भैरवी मिळेल,” ती म्हणाली.

हॉलमध्ये गर्दी झाली होती. गुलाबभाईंनी तिची सोय करून ठेवली होती. स्टेजच्या अंगाला तानपुरे लावायची एक छोटी खोली होती. तिच्या दारातच गादी आणि दोन लोड टाकले होते. तिथून सरयूबाईंची बैठक जेमतेम चार हातांवर, आणि मधे तानपुरा धरून बसलेल्या दोन मुली. पंचविसाव्या रांगेची माझी बाई पहिल्या रांगेच्याही पुढं बसली. तिनं मफलर काढून माझ्याकडे दिला.

रेडिओचा माणूस कानाला हेडफोन लावून तारा तपासत होता. तिशीचा असेल, सबनीस नावाचा. सरयूबाईंपुढे एक माइक आणि तानपुऱ्यांपुढे एक, असे दोन माइक त्यानं मांडले होते. मुली तानपुरे छेडायला लागल्या. इंदूला खोकला आला. सबनिसानं हेडफोनवर हात दाबला, इकडेतिकडे बघितलं. तिला पुन्हा खोकला आला. तो आमच्याकडे आला.

“काका, यांना बरं नाही का?”

“नाही.”

तो गुडघ्यावर बसला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “काकू, राग मानू नका. हे थेट जातंय. तानपुऱ्याच्या माइकवर तुमचा खोकला असा येतो, की जणू तुम्हीच गायला बसलाय. बाहेर व्हरांड्यात कर्णा लावलाय. आरामखुर्ची देतो, शाल देतो. खरं सांगू? आतल्यापेक्षा तिथं स्वच्छ ऐकू येतं.”

इंदूनं माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. हेच वाक्य मी तिला एकतीस वर्षं ऐकवत आलो होतो.

पोरगा चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि इतक्या मऊ आवाजात नक्कीच नाही.

इंदू पदर सावरायला लागली. “चला,” ती म्हणाली. “त्याचं बरोबर आहे. इतकी माणसं घराघरांत कान लावून बसलीत. माझा खोकला त्यांच्या घरात कशाला?”

“बस खाली,” मी म्हणालो.

“अहो...”

“बस म्हणतो ना.” मी सबनिसाकडे वळलो. “तानपुऱ्याचा माइक किती उघडा ठेवलाय?”

“पूर्ण. तानपुरा हळू असतो, त्याला दुसरा इलाज नाही. तुम्ही...?”

“मी रेडिओ बांधतो. तो माइक बंद करा.”

“बंद? तानपुरा जाईल ना, काका!”

“जाऊ दे. बाईंचा माइक चार बोटं पुढं घ्या आणि आवाज उतरवा. खोकला जाणार नाही.”

“थोडाफार तरी जाईलच. आणि गाणं उघडं पडेल. ऐकणाऱ्यांना तानपुरा नको?”

“त्यांना कळणार नाही,” मी म्हणालो. “मला तीस वर्षं कळलं नाही.”

त्यानं घड्याळ बघितलं. सात मिनिटं उरली होती. “आणि मी नाही बंद केला तर?”

“तर खोकला जाईल. ही इथून उठणार नाही, आणि हिला उठवायला कुणी आलं तर आधी मला उठवावं लागेल.”

माझा आवाज चढला असावा. तानपुऱ्यावरच्या मुलींनी वळून बघितलं. खोलीतून गुलाबभाई बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आठ दिवस बसून त्यांनी त्या दोन तानपुऱ्यांची जवारी जुळवली होती. पहिल्यांदाच ते थेट गावोगाव ऐकू जाणार होते. घरच्या माणसांना त्यांनी रेडिओपुढं बसवून ठेवलं होतं.

“साहेब,” ते सबनिसाला म्हणाले, “तानपुरे माझे आहेत. मी सांगतो. बंद करा.”

सबनीस गेला आणि त्यानं तो माइक उचलून बाजूला ठेवला. सरयूबाईंचा माइक पुढं सरकवला, पुन्हा सरकवला. हेडफोन लावून त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. ती होकाराची होती की नापसंतीची, ते मला कळलं नाही.

सरयूबाई आल्या. सत्तरी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. बसल्यावर त्यांनी काठी मागं सरकवली आणि डोळे मिटून तानपुऱ्यात कान घातला. बराच वेळ नुसते तानपुरे वाजत राहिले. घरी बसलेल्यांना तेवढा वेळ काहीच ऐकू आलं नसणार.

इंदू म्हणाली, “तोडी.” म्हणून मला माहीत की तोडी.

मला त्यातलं कळत नाही. मी तिचा खोकला मोजत बसलो होतो. एक, दोन. तिसऱ्याला तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मी सबनिसाकडे बघितलं. त्याचं लक्ष यंत्राच्या काट्यांवर होतं. सातपर्यंत मी मोजला असेल. पुढचं मोजायचं राहून गेलं.

एका ठिकाणी सरयूबाई एका सुरावर गेल्या आणि तिथंच थांबल्या. खाली दोन्ही तानपुरे चालू होते, आणि त्यांचा सूर त्यात असा बसला की कुठला आवाज कुणाचा ते मला सांगता येईना. नाद कुठं उणा आहे हे ओळखण्यात माझा जन्म गेला. तिथं मला काही उणं सापडलं नाही. शेजारी इंदूचं तोंड उघडलं. तिला ‘वा’ म्हणायचं होतं. श्वासच पुरेना. तिनं हात वर केला, खांद्यापर्यंत. तो तिथंच धरून ठेवला.

सरयूबाईंनी मान वळवली. त्या जाड भिंगांतून त्यांना काय दिसलं कोण जाणे. त्यांनी इंदूच्या दिशेनं बघितलं आणि ती जागा पुन्हा घेतली. मग आणखी एकदा घेतली, हळू, समोर बसलेल्या एखाद्याच्या पानात वाढावी तशी.

इंदूचा हात खाली आला तो माझ्या मनगटावर. भैरवी संपेपर्यंत तिनं तो काढला नाही.

घरी यायला अकरा वाजले. दुपारी शेजारचे चौगुले अण्णा आले. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी माझ्याकडून सेट नेला होता आणि तेव्हापासून ते त्याची जाहिरात करत होते.

“वहिनी, कशाला एवढा त्रास करून घेतलात?” ते दारातूनच म्हणाले. “घरात बसून ऐकायला पाहिजे होतं! काय आवाज आला! काचेसारखा. नेहमी मागं ती घूं घूं असते बघा, तीसुद्धा आज नाही. नुसतं गाणं. रंगनाथ, आजच्यासारखा रेडिओ जन्मात ऐकला नाही.”

मी इंदूकडे बघितलं नाही. बघायची सोय नव्हती.

“तिथं तुम्हाला कसं काय ऐकू आलं?” अण्णांनी मला विचारलं.

“खोकला फार होता,” मी म्हणालो.

इंदूला हसू फुटलं. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू, आणि अण्णा घाबरून पाण्याचा तांब्या शोधायला लागले. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि मलाही हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर इंदू सतरा दिवस होती. डॉक्टर उपाध्ये एकदा म्हणाले, नेलं नसतंत तर कदाचित चार दिवस वाढले असते. मी म्हटलं, असतील.

त्या सतरा दिवसांत आमच्या घरात रेडिओ लागला नाही. मी दुकान उघडलं नाही. सकाळी तिला तीन उशांवर बसवायचो आणि ती बोलायला लागायची. दम लागायचा, थांबायची, पुन्हा बोलायची. बाईंनी सुरुवातीला किती वेळ घेतला, त्या डावीकडच्या मुलीचं बोट कसं एकदा अडखळलं, तबलेवाला कुठं गालात हसला. पूर्वी ती असं सांगायला लागली की मी म्हणायचो, रेडिओवर तसं काही नव्हतं.

“आणि तो सूर,” ती म्हणायची. “बाई जिथं थांबल्या तो.”

“हो,” मी म्हणायचो. “तीनदा घेतला.”